हजेरी कसली घेतोस?

डेली रिवॉर्ड,

तुला मायना लिहायचीही इच्छा नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मुंबईत मरोळ नाक्याहून घाटकोपरची मेट्रो पकडली की साकीनाका, असल्फा, जागृतीनगर आणि उतरायचं. जेमतेम आठ-दहा मिनिटं. सीप्झ-एमआयडीसीतून सुटलेल्या माणसाला स्वतःची म्हणावी अशी तेवढीच मिळतात. पुढे घाटकोपरच्या जिन्यावरची रेटारेटी आहेच. एवढ्या वेळात मावणारा फोनवरचा खेळ मला मनापासून आवडतो. एक डाव खेळावा, डोकं हलकं व्हावं, फोन खिशात जावा.

हे कुणाला जमत नाही असं नाही. २०२१ मध्ये आलेल्या वर्डलनं दिवसाला एकच कोडं दिलं. सुटलं तरी, नाही सुटलं तरी पुढचं उद्या. जिंकल्याची साखळी तिथेही मोजतात, पण तुटली म्हणून जोडून द्यायचे पैसे कुणी मागत नाही. आपल्या पेपरातलं शब्दकोडं तर त्याहून सभ्य. काल कुठे होतात, असं त्यानं कधी कुणाला विचारलेलं नाही.

तू मात्र विचारतोस. पहिल्या दिवशी दहा नाणी, दुसऱ्या दिवशी वीस आणि सातव्या दिवशी मोठी पेटी. मधे एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून! घरात कुणी आजारी असेल, गावाला रेंज नसेल, तुला काय त्याचं? रात्री पावणेबाराला, डोळे मिटत असताना, माणूस फोन उघडतो, चमकणाऱ्या बटणावर बोट ठेवतो आणि बंद करतो. यात खेळ कुठे आहे? हजेरीचं एवढंच वेड असेल तर सीप्झच्या गेटवर जाऊन उभा राहा. तिथे निदान महिन्याअखेरीस पगार तरी मिळतो.

तुझे भाऊबंदही तसलेच. २०१२ च्या कँडी क्रशमध्ये पाच जीव. एक परत यायला अर्धा तास. २०१६ च्या क्लॅश रोयालचा सामना तीन मिनिटांचा, अगदी मेट्रोत बसणारा. पण २०२५ पर्यंत त्यात जिंकलेली चांदीची पेटी उघडायला तीन तास लागायचे आणि सोन्याची उघडायला आठ. थांबायचं नसेल तर रत्नं खर्च करा, रत्नं संपली तर पैसे भरा. म्हणजे खेळ तीन मिनिटांचा आणि त्याची आठवण दिवसभर डोक्यात असायची. मीटिंगमध्ये, जेवताना, मुलाचा अभ्यास घेताना.

आणखी एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये मरोळ नाक्याखालून भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हा खाली गेलं की मोबाईलचं नेटवर्क जायचं. एकट्यानं खेळायचे किती तरी खेळ तिथे नुसते गोल गोल फिरत बसले. का? तर तुझी हजेरी सर्व्हरवर नोंदवायची असणार म्हणून. नाही तर रंगीत गोट्या जुळवायला इंटरनेट कशाला लागतं?

तर आता ऐक. खेळ कुठल्याही क्षणी सोडला तरी परत आल्यावर तिथूनच सुरू झाला पाहिजे. चार दिवस आलो नाही तर चार दिवसांचं काहीही कापायचं नाही. रात्री-अपरात्री नोटिफिकेशन पाठवायचं नाही. आणि तुला बंद करायचं बटण सेटिंगमध्ये पहिल्याच ओळीत हवं, मराठीत.

हे जमत नसेल तर तू ज्यात आहेस तो खेळ मी फोनवरून काढून टाकतो आणि ओळखीच्या प्रत्येकाला काढायला सांगतो. सांगायला सुरुवात केलीही आहे.

मरोळचा एक प्रवासी