डायनिंग टेबलाच्या चौथ्या खुर्चीस अनावृत पत्र

प्रति,
चौथी खुर्ची (दाराकडची),
डायनिंग टेबल, हॉल,
आमचे राहते घर, पुणे.

विषय : आपल्या पाठीवरील अतिरिक्त कार्यभार काढून घेण्याबाबत.
संदर्भ : मातोश्रींचे वेळोवेळचे तोंडी आदेश.

खुर्चीबाई,
स.न.वि.वि.

अनावृत पत्रं खुर्चीवर बसलेल्यांना लिहायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. ती त्यांनी वाचायची नाहीत, हाही रिवाजच. म्हणून म्हटलं, मधला माणूस वगळून थेट खुर्चीलाच लिहावं. शिवाय तुमच्यावर माणूस बसलेला मी गेल्या चार वर्षांत पाहिलेला नाही. तुमच्या तिघी बहिणींवर आम्ही जेवतो, चौथा माणूस ताट घेऊन सोफ्यावर जातो आणि आई म्हणते, "खुर्ची आहे ना रे तिथे?" आहे. पण ती ड्यूटीवर आहे.

मंगळवारची संध्याकाळ आठवा. साडेपाचला दार उघडलं. आधी धाकटीचं दप्तर आलं, मग धाकटी आली. दप्तराचा एक पट्टा तुमच्या डाव्या खांद्यात अडकला, दुसरा लोंबत राहिला. मग थोरल्याचं दप्तर उजव्या खांद्यावर. त्यावर दोन रेनकोट, एक गुलाबी, एक निळा, दोन्ही आतली बाजू बाहेर केलेले, बाह्यांमधून पाणी. त्यावर डब्याची पिशवी. सातला बायको कोर्टातून आली आणि तिने सगळ्यांच्या वर आपला काळा कोट घातला. मी आलो तेव्हा हेल्मेट ठेवायला तुमची बैठक तेवढी रिकामी होती. शेवटी धाकटीने कंपासपेटी हवी म्हणून बैठकीवरचं हेल्मेट उचललं आणि तुम्ही पाठीवर पडलात. चारी पाय वर. दोष तुमचा नाही. पाठीमागे नऊ किलो आणि पुढे काही नाही, अशा अवस्थेत शासनंसुद्धा कोसळतात.

त्या पडण्यात वकीलबाईंच्या कोटावर डब्यातली मेथी सांडली, म्हणून हे पत्र.

आधी हे मान्य करतो की जे काम तुम्ही करता, ते तुमचं नाही. ते पडवीचं आहे. माझं आजोळ दापोली तालुक्यातलं. तिथे पावसाळ्यात शेतावरून आलेला माणूस थेट घरात येऊच शकत नसे, घराची रचनाच तशी होती. अंगणात पाय धुवायचे, मग पडवी, मग ओटी, आणि मग कुठे माजघर. इरली, घोंगडी, छत्र्या, काठ्या सगळं पडवीत. भिंतीत सागवानी खुंट्या घर बांधतानाच बसवलेल्या, एक आजोबांच्या काळ्या कोटाची. तो कोट वर्षातून चारदा तालुक्याला जायचा आणि बाकीचे दिवस खुंटीवरून घरावर लक्ष ठेवायचा. नियम एकच होता आणि तो कुणी कुणाला सांगत नसे : ओलं ते पडवीत. जमीन शेणाने सारवलेली, त्यामुळे इरल्यातून गळलेलं पाणी ती पिऊन टाकायची. आमच्या हॉलमधली चकचकीत फरशी पाण्याचा एक थेंब पीत नाही. ती तो थेंब पसरवते आणि वाट बघते, कोण घसरतो याची.

वाड्यात हेच काम देवडी-ओसरी करत असे. चाळीत ते गॅलरीने केलं. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, पण खोलीबाहेर लांबलचक सामाईक वाट होती. माणसं गरीब होती, पण चपला काढायला त्यांना घरात यावं लागत नव्हतं. मग आम्ही प्रगती केली. आता आमचं दार उघडलं की सोफा. बाहेरचा पाऊस आणि आतला टीव्ही यांच्यामध्ये पायपुसणं नावाचा दीड फुटांचा प्रदेश आहे, आणि त्यावर 'वेलकम' असं लिहिलंय.

बिल्डरला शिव्या घालून हे पत्र सजवता आलं असतं. पण तुम्ही पडलात तेव्हापासून मला एक जुना प्रसंग छळतोय. फ्लॅट बघायला गेलो होतो. साइट ऑफिसातल्या मुलाने दोन नकाशे पसरले. एकात दाराशी चार बाय पाचचा एक चौकोन होता, तिथून वळून हॉलमध्ये जायचं. त्या चौकोनावर बोट कुणी ठेवलं? मी. "ही जागा वेस्टच ना?" असं कुणी विचारलं? मीच. मुलगा हसला आणि म्हणाला, "म्हणूनच सर, दुसऱ्या टॉवरमध्ये झीरो वेस्टेज." मी वीस चौरस फुटांचा हिशेब केला, दीड लाखाच्या घरात आला. दीड लाख वाचवल्याच्या आनंदात आम्ही त्या संध्याकाळी मिसळ खाल्ली. जिथे ओला माणूस उभा राहतो, ती जागा मी वेस्ट ठरवली आणि तिची जबाबदारी तुमच्या पाठीवर टाकली.

कायदाही फार मदतीला येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या आहे. घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी किंवा व्हरांडा आणि गच्ची वगळायची. व्हरांड्याचा उल्लेख आहे म्हणून मी हरखलो होतो. तो वगळण्यापुरता आहे.

आता तुमच्या मुख्य ओझ्याविषयी. सामानाचा वजनकाटा लावून मी दोन्ही दप्तरं मोजली. चौथीतल्या धाकटीचं चार किलो तीनशे, सातवीतल्या थोरल्याचं पावणेपाच. केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण म्हणतं, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. तिसरी ते पाचवीला अडीच किलोपर्यंत, सहावी-सातवीला तीन. धाकटी स्वतः सव्वीस किलोची. त्याच धोरणात म्हटलंय की दप्तराला दोन पट्टे असावेत, ओझं दोन्ही खांद्यांवर सारखं पडावं, आणि चाकांचं दप्तर नको, कारण जिन्यात मुलं पडतील. फार विचारपूर्वक लिहिलंय. मात्र धोरणाची काळजी दप्तर पाठीवर असेपर्यंतच. घरी आल्यावर ते कुठे टेकवायचं, हा विषय केंद्राने राज्याकडे, राज्याने शाळेकडे, शाळेने पालकांकडे आणि पालकांनी तुमच्याकडे सोपवलेला आहे.

२०२३ मध्ये बालभारतीने पुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांमागे वहीची कोरी पानं जोडली. हेतू हा की वह्या न्यायला नकोत, ओझं कमी व्हावं. आमच्याकडे पुस्तकातली वही आलीच, शिवाय बाहेरची वहीही सुटली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. या सगळ्या शैक्षणिक प्रयोगाचा भार प्रत्यक्षात वाहणारी एक साक्षीदार म्हणून तुम्हाला कुठल्याही समितीने बोलावलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

कोटाचं म्हणाल, तर आपल्या हवेत कोट हा चैनीचा पदार्थ. माझी बहीण टोरांटोजवळ राहते. तिच्या घरात बर्फाचे बूट आणि कोट काढायला 'मडरूम' नावाची वेगळी खोली आहे, म्हणजे चिखलाची खोली! आईने ती व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर पडवी!" आपल्याकडे अंगात कोट घालून रोज बाहेर पडणारे दोनच : लग्नातले बँडवाले आणि वकील. वकिलांच्या गणवेशाच्या नियमात उन्हाळ्यापुरती सवलत आहे, उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी कोर्टांत तेव्हा काळा कोट सक्तीचा नाही. पावसाळ्याला सवलत नाही. त्यामुळे जुलैत शिवाजीनगर कोर्टातून दुचाकीवर घरी येणारा कोट रेनकोटाच्या आत असूनही दमट असतो, आणि दमट कोट कपाटात गेला की तीन दिवसांत कपाटातल्या साड्याही कोर्टात जाऊन आल्यासारख्या वास मारतात. तो तुमच्या पाठीवर येतो यात बायकोची चूक नाही. हे वाक्य मी तिच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये.

तुमची सुटका करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पहिल्यांदा आम्ही चिकटवायचे हुक आणले. पाकिटावर पाच किलो लिहिलं होतं. ते खरं असेल, पण ते टाइल्सवर. आमच्या डिस्टेंपरच्या भिंतीवरून ते रात्री अडीच वाजता दप्तरासकट उतरले आणि येताना तळहाताएवढा रंगाचा पोपडा घेऊन आले. मग लाकडी कोट-स्टँड आला. चार दिवसांत त्याचं असं झाड झालं की दार अर्धंच उघडू लागलं आणि कुरिअरवाला पार्सल फटीतून देऊ लागला. दारामागे हुक लावले, तर ओल्या रेनकोटांनी भिंतीला ओल आली. शेवटी छोटं स्टँड बाहेर पॅसेजमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस : सामाईक पॅसेजमध्ये वस्तू ठेवू नयेत, आग लागल्यास अडथळा होतो. नोटीस बरोबर होती. मी त्याआधी वरच्या मजल्यावरच्या चपलांच्या रॅकवर स्वतः तक्रार केली होती, तीही बरोबरच होती.

मग सुतारकाका आले. त्यांनी हॉल पाहिला, दार उघडून मिटून पाहिलं आणि विचारलं, "पोरं टाकतात कुठं?" मी म्हटलं, खुर्चीवर. "मग तिथंच जवळ करायचं. चार पावलं लांब केलं तर तुम्ही रोज उचलणार."

दाराची चौकट आणि विजेचा बोर्ड यांच्यामध्ये बावीस इंच भिंत आहे. आम्ही तिला कधी मोजलंच नव्हतं, कारण आमची नजर बोर्डाच्या उंचीवर, साडेचार फुटांवर असते. काकांनी धाकटीला भिंतीशी उभं केलं आणि तिचा हात सहज पोचेल तिथे, तीन फुटांवर, पेन्सिलची रेघ मारली. माझ्या मनातली रेघ पाच फुटांवर होती. म्हणजे इतकी वर्षं मुलं उद्धट नव्हती, बुटकी होती. बोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारायचं नाही, आत वायरी असतात, हे काकांनी दोनदा बजावलं. भिंत विटांची नाही, हलक्या ब्लॉकची. साधी गिट्टी धरणार नाही, लांब लागेल, आणि एकेक हुक ठोकण्यापेक्षा लाकडी पट्टी चार जागी कसून खुंट्या पट्टीला मारायच्या. आई आतून म्हणाली, "म्हणजे खुंटाळं." काका म्हणाले, "हां, तेच."

दप्तरं टांगायची नाहीत हा निर्णय मात्र माझा, त्याचं श्रेय मी सोडणार नाही. पाच किलो वजन रोज वर चढवायला कुणी तयार नसतं. त्यासाठी खाली दहा इंच उंच, बारा इंच खोल असा पाट केला, उघडा, झाकण नाही, दार नाही. कपाटाचं दार उघडणं ही मुलांच्या मते स्वतंत्र कामगिरी असते आणि तिचं वेगळं कौतुक करावं लागतं. पाटावर दप्तर फेकता येतं. फेकण्याची सोय ठेवली की नेम आपोआप सुधारतो. रेनकोट वर, प्रत्येकाला एकच खुंटी. दोन दिल्या असत्या तर दुसऱ्या खुंटीवर गेल्या वर्षीचं काहीतरी जाऊन बसलं असतं. पाटाच्या बाजूला, रेनकोटांच्या बरोबर खाली, आईने माळ्यावरून जुनी जर्मनची परात काढून ठेवली. पाणी आता तिच्यात पडतं. टप, टप असा आवाज येतो. पहिल्या रात्री मला वाटलं नळ गळतोय. आई म्हणाली, "झोप. पडवी आहे ती."

वकीलबाईंच्या कोटाला दाराच्या दुसऱ्या अंगाला, पंख्याच्या वाऱ्यात, हँगर मिळालं आहे. हेल्मेटचं अजून ठरलेलं नाही. त्याबाबत चर्चा सुरू आहे.

कार्यभार काढून घेताना तुमच्याजवळ सापडलेल्या वस्तूंची नोंद करतो : गुलाबी रेनकोटाच्या खिशात चिक्कीचा कागद आणि होऊन गेलेल्या पालकसभेचं पत्रक, निळ्याच्या खिशात दुसऱ्याच मुलाचा एक मोजा, कोटाच्या खिशात पांढरा बँड, जो बायको जूनपासून शोधत होती आणि जो माझ्याकडून हरवल्याचं घरात जवळजवळ सिद्ध झालं होतं. त्या निकालाविरुद्ध मी अपील केलेलं नाही.

आता एकच विनंती. येत्या रविवारी दापोलीहून मामा येत आहेत. गेल्या वर्षी ते आले ते याच दिवसांत, धो धो पावसात. दार उघडलं तर हातात नारळांची पिशवी आणि गळती छत्री. "छत्री कुठे ठेवू रे?" मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं. बाथरूम आत, बेडरूमच्या पलीकडे. ते म्हणाले, राहू दे, आणि दारातच उभे राहून बोलत राहिले. चहासुद्धा उभ्यानेच घेतला. ऐंशी वर्षांचा माणूस. ज्यांच्या पडवीत मी लहानपणी बिनदिक्कत चिखलाचे पाय घेऊन शिरलो, ते माझ्या उंबऱ्यावर छत्री अंगापासून लांब धरून उभे होते, फरशी भिजू नये म्हणून.

तरी रविवारी सकाळी नऊपासून तुम्ही रिकाम्या, पुसलेल्या आणि दाराकडे तोंड करून असाव्यात. मामांना गुडघ्यामुळे सोफ्यावरून उठता येत नाही, सरळ पाठीची खुर्चीच लागते. छत्रीचं मी बघतो, परात मोठी आहे.

कळावे,
आपला,
(दीड लाख वाचवणारा)
घरमालक