नायक म्हणून आमचे हे

दुपारी हातात वाचनालयातली कादंबरी आली की मला एक खोड आहे. नायकाला उठवायचं आणि त्याच्या जागी आमच्या ह्यांना बसवायचं. बऱ्याच नामवंत कादंबऱ्या मी अशा बुडवल्या आहेत.

फडक्यांच्या नायकाला टापटीप कपडे लागतात. तसे ह्यांच्याकडे आहेत, पण ते 'चांगले' म्हणून कपाटात. घरात जो लेंगा वावरतो, त्याची लोंबती नाडी पाहून कुठली नायिका भाळेल? बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) युरोपातून निघालेली बोट आहे, महायुद्ध तोंडावर आलंय, निर्वासित ज्यूंमध्ये हॅर्टा आहे. चक्रधर तिच्यात गुंतत जातो. आमचे हे तिला आधी विचारतील, "बोट लागते का?" आणि खिशातून आलेपाकाची वडी काढून देतील. तिला बरं वाटेल, ती आभार मानेल आणि हे लाइफ जॅकेटं मोजायला डेकवर निघून जातील. संपलं रणांगण!

बाबूराव अर्नाळकरांकडे तरी जमेल म्हणावं, तर खून झालेल्या खोलीत शिरल्या शिरल्या हे पंखा आणि दिवा बंद करणार. "खोलीत कुणी नाही, मग चालू कशाला?" बटणावरचे ठसे पुसले गेले, अर्नाळकरांचा नायक झुंजार बसला हात चोळत.

'कोसला'वर माझी भिस्त होती. पांडुरंग सांगवीकर काही तलवारबहाद्दर नव्हे. पण तो होस्टेलची मेस चालवायला घेतो आणि पैशांत गोत्यात येतो. आमचे हे पडले सोसायटीचे खजिनदार! झाडूची पावती नसेल तर झाडू परत करायला लावणारे. ह्यांनी मेसचा हिशेब पैशापैशाने जुळवला असता, मग १९६३ साली नेमाड्यांनी लिहायचं काय?

खरी पंचाईत अंतर्मनाची आहे. आधुनिक कादंबरीला ते लागतंच. परवा भर पावसात हे खिडकीशी उभे होते, नजर दूर कुठेतरी, हातातला चहा निवलेला. मला भरून आलं. हळूच विचारलं, "कसला विचार करताय?"

"समोरच्यांची टाकी वाहतेय. पंप कुणी बंद करत नाही."

शेवटी म्हटलं, दुसऱ्यांच्या कादंबऱ्या पुरे, आपणच लिहावी. पहिल्या पानावर बायको दूध तापत ठेवते. मग कडाक्याचं भांडण, जुनी पत्रं, विजांचा कडकडाट, आणि पाचव्या पानावर नायक दार आपटून काळोखात निघून जातो. दार आपटण्यावर मी विशेष मेहनत घेतली होती. आमच्या घरात दार आपटलं तर हे बिजागरीला तेल घालतात.

ह्यांनी ती पानं चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचली. हा आपणच, अशी शंकासुद्धा आली नाही.

"ह्याने लॅचची किल्ली घेतली का?"

"अहो, तो घर सोडून चाललाय!"

"ते ठीक. पण पहिल्या पानावरचं दूध? गॅस कुणी बंद केला?"

एवढा तंत्रशुद्ध आक्षेप फडक्यांनीसुद्धा काढला नसता. नायकाला जिन्यातून परत बोलवावं लागलं. तोवर दूध उतू गेलं होतं. आता दुसरं प्रकरण सुरू आहे. वीस पानं झाली, नायक ओटा पुसतोय, बर्नरची भोकं टाचणीने साफ करतोय, आणि इतका जिवंत तो आधी कुठेच वाटला नव्हता.