घाम येतो तो घोड्यांना

इंग्रज शिष्टाचारात घाम यायचा तो घोड्यांना. पुरुषांना ‘पर्स्पिरेशन’ व्हायचं आणि बायका नुसत्या ‘ग्लो’ करायच्या. (पदरानं मान पुसणाऱ्या आमच्या मावश्या यात कुठेच बसत नाहीत.) अंग तापानं फणफणलं तरी माणूस ‘जरा पूअरली’, जीव कासावीस झाला तर ‘हॉट अँड बॉदर्ड’, म्हणजे उकाडा आणि चिडचिड एकाच खात्यात जमा. लंडनमध्ये सलग तीन दिवस कमाल तापमान २८ अंशांवर गेलं की उष्णतेची लाट ठरते. नागपूरकर एवढ्यावर मे महिन्यात पांघरूण शोधेल. पण जुलै २०२२मध्ये इंग्लंडमधल्या कॉनिंग्सबीत पारा खरोखरच ४०.३वर गेला. लूटन विमानतळाची धावपट्टी तर उन्हानं उचकटलीच. तिच्यावर ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणायचे संस्कार नव्हते.