फक्त फिनिशिंग राहिलंय

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी दहाच्या सुमाराला सर्व्हिस लिफ्टपाशी उभं राहिलं, की भाऊ भेटतात. पोट किंचित सुटलेलं, कपाळाला गंध, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल, एका फोनवर मराठी आणि दुसऱ्यावर हिंदी. पेन्सिल पाहून त्यांना सुतार समजू नये. करवत, रंधा, थापी, ब्रश यांतलं एकही हत्यार भाऊंच्या मालकीचं नाही. मेजरिंग टेप तेवढी आहे, पण तिचंही एक टोक ते नेहमी घरमालकालाच धरायला लावतात. तरीही पाचपाखाडीपासून कासारवडवलीपर्यंत कित्येक घरांचे ओटे, कपाटं आणि फॉल्स सीलिंग भाऊंनी ‘केलेलं’ आहे.

“सगळी आपली माणसं आहेत,” असं ते पहिल्या भेटीतच सांगतात. ते खोटं नाही. ती माणसं भाऊंची असतात, आणि त्याच आठवड्यात आणखी तीन-चार भाऊंचीही असतात. सुतार राजस्थानातला, जालोर नाहीतर पालीकडचा. पीओपीवाला बंगालचा, मुर्शिदाबादचा. रंगारी उत्तर प्रदेशातला. प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. या जिल्ह्यातले प्लंबर देशभर पसरलेत आणि तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे, ही माहिती मला भाऊंनी बेसिनखाली बादली लावता लावता दिली. “म्हणजे बघा, आपला माणूस असातसा नाही.” नळ तेव्हाही गळतच होता.

त्यामुळे भाऊंचं पंचांग आपल्या कालनिर्णयापेक्षा जाड. आपल्याला घर गणपतीच्या आधी हवं असतं, फार तर दिवाळीच्या आधी. भाऊंना बाकीचा भारत सांभाळायचा असतो. होळीला रंगारी गावाला जातो. आखातीजेला सुतार जातो, कारण तिकडे लग्नांचा मोसम. जूनच्या मध्यावर ओडिशात रज हा सण असतो, प्लंबर जातो. ईदला पीओपीवाला जातो, छठपूजेला रंगाऱ्याचा बिहारी हेल्पर. मध्येच कुठे निवडणूक लागली, तर सगळेच जातात. उरलेल्या दिवसांवर सोसायटीचा अंमल: दुपारी ड्रिल बंद, रविवारी ठोकाठोक बंद, रॅबिटच्या गोण्या जिन्यात दिसल्या तर डिपॉझिट जप्त. संघराज्य एकत्र नांदतं की नाही याची काळजी दिल्लीने करावी. भाऊंना ते दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकाच सकाळी हजर करायचं असतं.

भाऊंना खरं ओळखायचं तर दोन कारागीर भांडत असताना पाहावं. आमच्याकडे नवी फरशी आणि बाथरूमच्या दाराची चौकट यांच्यात बोटभर फट राहिली. फरशीवाला म्हणाला, चौकट गुण्यात नाही. सुतार म्हणाला, चौकट गुण्यातच आहे, भिंत ओळंब्यात नाही. भिंत बिल्डरची, आणि बिल्डर इमारत सोडून गेल्याला जमाना झालेला. रंगारी मध्येच “लांबी भरून टाकू का?” म्हणाला, तर बाकीच्या दोघांनी आपलं भांडण थांबवून त्यालाच झापलं. प्रकरण एकमेकांची गावं काढण्यापर्यंत गेलं. भाऊ आले, दोघांनाही पूर्ण बोलू दिलं, चहा मागवला (माझ्या खर्चाने) आणि फटीकडे न बघताच म्हणाले, “पट्टी मार.”

पट्टीवर भाऊंचं अख्खं घर चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. सुताराचा हिशेब रनिंग फुटाने, फरशीवाल्याचा स्क्वेअर फुटाने, प्लंबरचा पॉइंटने. आणि दोघांच्या मधली जी फट, ती कुणाच्याच रेटमध्ये बसत नाही. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये तर ती नसतेच, कारण कागदावरच्या रेषेला जाडी नसते. ती भिंतीला असते. ही बेवारशी जागा भाऊंनी उदरनिर्वाहासाठी घेतली आहे. जमेल तिथे लाकडाची पट्टी, नाही जमलं तर सिलिकॉन, आणि सिलिकॉनही पुरलं नाही तर भाऊ स्वतः मध्ये उभे राहून बोलतात. शिव्या दोन्हीकडून खातात. या कामाला कोटेशनमध्ये ओळ नसते म्हणून आपल्याला वाटतं, हा माणूस नुसता फिरतो.

बरं, कोटेशन ही चीज वेगळीच. “बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी,” हे वाक्य भाऊ अशा आवाजात म्हणतात, की जणू आपण बिल मागून त्यांचा अपमानच करणार आहोत. प्लाय मरीन आहे ना, असं आमच्या हिने विचारलं, तेव्हा भाऊंनी आयएस ७१० चा शिक्का अभिमानाने दाखवला. शिक्का खरा होता. पण तो सनमायका चिकटेपर्यंतच दिसतो, आणि ओट्याखालच्या बाकीच्या तक्त्यांना सनमायका फारच लवकर चिकटला. रंगाचं माप घेताना भिंतीबरोबर दारंखिडक्याही मोजल्या गेल्या. ही म्हणाली, “दारावर कुठे भिंतीचा रंग असतो?” एरवी कुठलाच नियम तोंडात न येणारे भाऊ ताबडतोब आयएस १२०० वर आले. “वहिनी, दाराची वजावट पूर्ण होत नसते. कडा-कोपरे रंगवतो ना आम्ही, ते कुठून काढायचे?” खाली जाऊन मी शोधलं, तर नियम जवळपास तसाच निघाला. भाऊंचं हेच वाईट. निम्म्या वेळा ते बरोबर असतात.

हल्ली भाऊ ‘पार्टनर’ झालेत. मोठ्या इंटिरिअर कंपन्या मॉलशेजारी शोरूम थाटतात, कॉफी देतात, पडद्यावर आपलं स्वयंपाकघर फिरवून दाखवतात, आणि सही झाल्यावर प्रत्यक्ष काम ज्याच्या अंगावर टाकतात तो ‘एक्झिक्युशन पार्टनर’. म्हणजे भाऊ. भाऊंच्या बॅगेत तीन कंपन्यांचे तीन टी-शर्ट असतात आणि साइटप्रमाणे ते लिफ्टमध्ये बदलतात. आमच्या समोरच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी कंपनीच्या दिरंगाईला कंटाळून करार मोडला, दुसरी कंपनी गाठली, पैसे भरले. ठरल्या दिवशी दार उघडलं तर भाऊ. टी-शर्ट वेगळा. दोघांनीही प्रथमच भेटत असल्यासारखा नमस्कार केला म्हणतात.

या पार्टनरशिपमध्ये नफा वरून खाली येताना पाझरत पाझरत येतो आणि दंड मात्र धबधब्यासारखा. कंपनी उशिराबद्दल भाऊंचे कापते, वर टीडीएस कापते, आणि बिलातले ५ टक्के वर्षभर डिफेक्टच्या नावाखाली दाबून ठेवते. भाऊ सुताराचे कापतात. सुतार कारागिरांचे कापायला जातो, तर कारागीर सरळ गावची गाडी पकडतो, आणि दंड उलटा फिरून भाऊंच्याच गळ्यात. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे खर्ची वाटायच्या वेळेला, भाऊंचे दोन्ही फोन बंद असतात असं सुतार सांगतो. पण त्याच सुताराच्या बहिणीच्या लग्नाला भाऊंनी भलीमोठी उचल दिली होती, आणि ती घेऊन तो महिनाभर दुसऱ्याच भाऊंच्या साइटवर राबत होता, हेही तोच सांगतो. रागावले नाहीत का, असं मी भाऊंना विचारलं. “रागावून कसं चालेल? प्लायचे पैसे बुडाले तर पुन्हा मिळवीन. माणूस तुटला तर पुढच्या साइटला पट्टी कोण मारणार?”

आमचं काम आता संपलं आहे. म्हणजे फक्त फिनिशिंग राहिलंय. एका ड्रॉवरला हँडल नाही, हॉलमधल्या एका स्विचबोर्डचं झाकण टेपने चिकटवलेलं आहे, आणि त्यासाठी आम्ही शेवटचे १० टक्के धरून ठेवलेत. त्या १० टक्क्यांची भाऊंना फारशी फिकीर दिसत नाही. कारण मधल्या काळात त्यांनी आमच्या वरच्या मजल्यावरचं काम उचललं.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. “काका, घरीच आहात ना? जरा वर जाऊन बघता का, रंगारी पोचलाय की नाही? मी मीरा रोडला अडकलोय.” ड्रॉवरच्या हँडलचं काय, असं मी ठणकावून विचारणार होतो, पण चप्पल पायात सरकलेली होती. वर रंगारी नव्हता. दोन रिकामे डबे आणि एक शिडी होती, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाई होत्या.

“तुम्ही भाऊंकडून आलात का?” त्यांनी विचारलं. “पाच दिवस झाले, बेडरूमला एकच हात मारून गेलाय!”

मी भिंतीवरून तळहात फिरवला, किंचित मागे सरून मान तिरपी केली आणि म्हणालो, “पहिला हात नीट वाळू द्यावा लागतो, वहिनी. माणूस निघालाय.”