वाचून काय करायचंय?

आमदार विधेयक वाचत नाहीत, अशी ओरड अधूनमधून उठते. कुणी म्हणतं, मतदानाआधी त्यांची तोंडी परीक्षा घ्या. कुणी म्हणतं, प्रत निदान आठवडाभर आधी हातात द्या. सूचना चांगल्या आहेत. पण त्या बिचाऱ्याचा छळ कशाला? समजा, रात्र जागून त्यानं सातव्या कलमातला घोळ शोधला. सकाळी प्रतोदाचा व्हिप हजर: यायचं आणि ‘होय’ म्हणायचं. ‘नाही’ म्हटलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर १९८५ पासून घटनेत दहावं परिशिष्ट आहेच. आमदारकीवर गदा!

हा कायदा आयाराम-गयाराम थांबवायला आला होता. ते किती थांबले, हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. उलट २०२२ मध्ये एकाच शिवसेनेला दोन प्रतोद लाभले, भरत गोगावले आणि सुनील प्रभू. तेव्हा मात्र आपल्याकडे बारकाईनं वाचन झालं. विधेयकांचं नव्हे, व्हिपखालच्या सहीचं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोगावल्यांची नेमणूक बेकायदा ठरवली. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांनी ती वैध ठरवली. एवढा खल एखाद्या विधेयकाच्या नशिबी यावा!

दिल्लीही मागे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत राहिले आणि दोन कृषी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. वर्षभरानं ते कायदे मागे घेतले, तेही लोकसभेत चर्चेविना. येतानाही घाई, जातानाही घाई.

तेव्हा माझी सुधारणा सोपी आहे. २८८ जणांना कशाला ताटकळवायचं? फक्त प्रतोद बोलवा, आपापल्या पक्षाचा आकडा सांगायला लावा. नागपूरचं अधिवेशन एका टेबलावर उरकेल, बाकीचे हुरडा खायला मोकळे. (काही जण आजही मोकळेच असतात, पण त्याला नियमाचा आधार नको का?)

दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच भलतं काहीतरी सुचवलं होतं: पक्षादेशाची सक्ती विश्वास-अविश्वास ठरावासारख्या, सरकारच्या जिवावरच्या मतदानापुरतीच ठेवा. म्हणजे एरवी आमदारानं स्वतःच्या बुद्धीनं मत द्यायचं! त्यात आणखी कुणी प्रत्येक मत नावानिशी नोंदवायला लावलं, तर संपलंच. गावच्या पारावर कुणीतरी विचारणार, “साहेब, त्या बिलाला तुम्ही ‘होय’ का म्हणालात?” आणि “वरून आदेश होता” म्हणायची सोयच राहणार नाही.