इकडे येऊ नये

पुणे शहरास समुद्र नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकांत छापलेली असली तरी ती कोणा पुणेकराने मनापासून मान्य केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यात समुद्राचेच काही तरी चुकले असावे, अशी आमची एकंदर धारणा असते. आणि पुराव्यानिशी बोलायचे तर समुद्राची व्यवस्था आमच्याकडे अगदीच नाही असेही नाही. मुंबई सरकारने १९१६ साली सुरू केलेले आणि पुढे खडकवासल्यास स्थिरावलेले जे जल-विद्युत संशोधन केंद्र आहे, तेथे मोठमोठ्या छपरांखाली देशातील नामांकित बंदरे लहान प्रमाणात बांधून ठेवलेली असतात, त्यांत यंत्राने लाटा उठवल्या जातात, भरती-ओहोटी साहेबांच्या सोयीने आणली जाते, आणि प्रत्यक्ष बंदरातील धक्का कोणत्या अंगास असावा याचा निवाडा दर्यावर्दी माणसाच्या कानी जाण्याआधीच सिंहगडाच्या पायथ्याशी होऊन जातो. पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील जे छात्र पुढे नौदलात जाणार असतात, ते धरणाच्याच पाण्यात, पीकॉक बे या नावाच्या जागी, शिडाच्या होड्या चालवावयास शिकतात. पावसाचे अंदाज वर्षानुवर्षे शिवाजीनगरच्या ज्या दगडी इमारतीतून निघत आले, तिला तर जुनी माणसे अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात. तात्पर्य, समुद्राचा सिद्धान्तपक्ष पुण्याकडे आणि प्रात्यक्षिक तेवढे कोकणाकडे, अशी ही जुनी वाटणी आहे व तीत ढवळाढवळ करण्याचे मला काहीच प्रयोजन नव्हते.

प्रयोजन निर्माण केले ते आमच्या एका इतिहासप्रेमी स्नेह्यांनी. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा त्यांतील रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड ही नावे आमच्या कट्ट्यावर प्रत्येकाने घडाघडा म्हणून दाखविली. परंतु यादीत खांदेरी हे नाव आले तेव्हा चार सुशिक्षित, पेन्शनर आणि स्पष्टवक्ते गृहस्थ एकाच वेळी चष्मा पुसू लागले. स्नेह्यांना ही गोष्ट फार लागली. थळच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरांवर असलेल्या त्या बेटावर किल्ला आहेच, शिवाय १८६७ साली बांधलेले दीपगृहही आहे, आणि ते पाहिल्यावाचून आपल्यास मराठ्यांच्या इतिहासावर बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही, असे त्यांनी जाहीर केले. बोलण्याचा अधिकारच धोक्यात आला म्हटल्यावर कोणता पुणेकर घरी बसेल? आम्ही निघालो. आमच्या कुटुंबाने मात्र डबा बांधून देताना एवढेच विचारले, "दिवा बघायला जाताय, आणि तोही दिवसा?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते.

वाटेत, अलिबागेस, स्नेह्यांनी प्रथम सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या समाधीस नमस्कार घडविला. या नमस्कारात पुणेकराच्या मनाला थोडा संकोच होतो, आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळाली ती कान्होजींची समजूत घालण्याच्या कामगिरीवर निघताना मिळाली. त्यांच्या आधीचे पेशवे बहिरोपंत पिंगळे याच कामगिरीवर जाऊन कान्होजींच्या कैदेत पडले होते. म्हणजे पुढे ज्या घराण्याने पुण्याला पुणेपण आणले, त्या घराण्याचे भाग्य आंग्र्यांच्या बंदिखान्याच्या दारात उघडले. या उपकाराची फेड त्याच घराण्याने ४३ वर्षांनी, १७५६ साली केली: नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी सख्य करून कान्होजींचे चिरंजीव तुळाजी यांच्यावर मोहीम केली आणि त्या मोहिमेत विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले मराठ्यांचे आरमार जळून खाक झाले. कट्ट्यावर हा विषय निघाला की आम्ही त्यास 'दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे' असे म्हणतो, आणि चहा मागवतो.

थळच्या किनाऱ्यावर चहाची ती सोय नव्हती. मचव्यात बसताच तांडेलाने "काका, कुठनं आलात?" असे सहज विचारले आणि स्नेह्यांनी "पुण्याहून" असे सांगून, वाऱ्याचा आवाज दुसरीकडे कोठे नेईल या भीतीने की काय, लागलीच १७५६ च्या मोहिमेचा खुलासा करावयास प्रारंभ केला. नानासाहेबांची त्या वेळची अडचण, तुळाजींचा स्वभाव, इंग्रजांचे कपट, अशा तिन्ही कलमांवर ते उभे राहून बोलत होते. आणि शेवटी, समस्त पुणे शहराच्या वतीने आपणांस या प्रकाराबद्दल खेद वाटतो, असेही त्यांनी त्या कोळी तरुणाला सांगून टाकले. त्याने सुकाणू न सोडता सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "झालं गेलं, काका. तुम्ही आधी मधे सरकून बसा. होडी कलतेय." पावणेतीनशे वर्षांच्या वादाचा इतका संक्षिप्त आणि इतका न्याय्य निकाल मी दुसरा ऐकलेला नाही.

समोर हळूहळू बेट मोठे होऊ लागले. काळ्या तटाच्या वर पांढरे, अष्टकोनी दीपगृह, आणि त्याच्या माथ्यावर काचेची कोठी. दुरून पाहता ते अगत्याने बोलावीत असल्यासारखे वाटते. प्रवासवर्णने लिहिणारे तर दीपगृहास हटकून 'वाट दाखविणारा मित्र' वगैरे म्हणतात. हा मोठाच गैरसमज आहे. दीपगृह रात्रभर डोळे मिचकावून सांगत असते ते इतकेच, की येथे खडक आहे, इकडे येऊ नये. येणाऱ्यास न येण्याविषयी बजावण्यासाठी सरकारने इतका खर्च करून बांधलेली दुसरी इमारत माझ्या माहितीत नाही, आणि हा विचार डोक्यात येताच मला त्या अनोळखी दर्यात एकदम घरी आल्यासारखे वाटू लागले. आमच्या सदाशिव पेठेत घराघराच्या दारावर जी पाटी असते, जीत विक्रेते, वर्गणीवाले, पत्ता विचारणारे आणि एकाहून अधिक वेळा घंटा वाजविणारे यांना आगाऊच खडकाची कल्पना दिलेली असते, तीच ही पाटी. फक्त लाटांमुळे अक्षरे टिकत नसल्याने ती उजेडाने लिहिलेली.

विचार करता या बेटाचा सारा इतिहासच या पाटीचा आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी येथे तटबंदीचे काम काढले ते मुंबईच्या तोंडाशी बसून इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांना 'पलीकडेच राहावे' असे सांगण्यासाठी. मायनाक भंडारी यांनी मोजक्या माणसांनिशी पावसाळ्याच्या अखेरीस काम सुरू केले. इंग्रजांनी हरकत घेतली, पत्रे लिहिली, गलबते आणून नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्री त्या अवजड गलबतांच्या मधून दगड, चुना आणि दाणागोटा घेऊन जात राहिल्या. ऑक्टोबरातील झुंजीत इंग्रजांचे एक गलबत मराठ्यांच्या हाती लागले आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी त्यांनी तडजोड केली. तेव्हा सिद्दीने काय करावे? त्याने शेजारच्या उंदेरीवर आपला निराळा तट उभारला. शेजाऱ्याने भिंत घातली की आपणही घालायची, हा नियम मग केवळ पेठांतलाच नव्हे.

पुढे कान्होजींच्या काळी पाटीचा मजकूर बदलला व 'दस्तकाशिवाय येऊ नये' असा झाला. या किनाऱ्याने व्यापार करणाऱ्या प्रत्येक जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे, त्याबद्दल ठरलेली रक्कम भरावी, आणि मग निर्धास्त जावे. दस्तक नसेल तर जहाज जप्त. यात अन्यायाचे काय आहे हे मला कळत नाही, पण इंग्रज कंपनीला ते कळले आणि तिने आपल्या सर्व कागदपत्रांत कान्होजींना चाचा ठरविले. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर बून याने चाच्याचे हे ठाणे उठविण्यासाठी खांदेरीवर मोठे आरमार धाडले, आणि ते आले तसे परत गेले. १७२९ साली कान्होजी वारले तोवर इंग्रजांना या पाटीचा मान राखावाच लागला.

बेटावर उतरल्यावर प्रथम कोळ्यांच्या वेताळाचे दर्शन घ्यावयाचे असते. ते झाल्यावर तांडेलाने आम्हांला एका थोराड शिळेपाशी नेले, हातातला लहान दगड तिच्यावर आपटला आणि खरोखरच पितळी पातेल्यावर पळी आपटावी तसा खणखणीत आवाज निघाला. दिसावयास दगड, बोलावयास धातू. स्नेह्यांनी ताबडतोब भूगर्भशास्त्र सांगावयास घेतले; मी मात्र तो दगड निरनिराळ्या जागी वाजवून पाहत राहिलो, आणि एका कोपऱ्यात तो साधा दगडासारखा 'थप्' बोलतो, दोन बोटे सरकून वाजविला की पुन्हा खणखणतो, हे पाहून मला भूगर्भशास्त्रापेक्षा अधिक समाधान मिळाले.

दीपगृहाचा जिना वर्तुळाकार आहे. अशा जिन्यात माणूस किती चढला हे त्याला दिसत नाही, फक्त गुडघ्यांना कळते. शेवटी लोखंडी शिडी येते, तीवरून डोके आधी आणि प्रतिष्ठा मागाहून अशा क्रमाने वर काढावी लागते. वर पोहोचताच वंगणाचा आणि पितळ घासण्याच्या मसाल्याचा जो वास येतो, तो मला एखाद्या जुन्या देवघरातील वासाहून फारसा निराळा वाटला नाही. सुमारे २५ मीटर उंचीच्या या मनोऱ्याच्या गच्चीवर वारा असा असतो की, धोतर नेसणारी पिढी येथे काम कशी करीत असेल, या प्रश्नाचा स्नेह्यांनाही उलगडा होईना.

दिव्याचे खरे बळ भिंगात असते. फ्रेनेल नावाच्या एका फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या सुमारास असे दाखवून दिले, की जाड भिंगाचा अनावश्यक पोटभाग काढून टाकून नुसत्या काचेच्या कड्या एकीभोवती एक बसवल्या तरी दिव्याचा चहूकडे उधळणारा प्रकाश एका सरळ पट्ट्यात गोळा होतो आणि कोसच्या कोस जातो. भिंग फिरते ठेवले की दुरून दिवा लुकलुकल्यासारखा दिसतो, आणि प्रत्येक दीपगृहाची लुकलुक व मधली विश्रांती यांचा हिशेब सेकंदांत ठरवून छापून ठेवलेला असतो. खलाशी अंधारात घड्याळ लावून मोजतो आणि समोर कोण बोलत आहे ते नावानिशी ओळखतो. परंतु मला सर्वांत आवडली ती दिवसाची व्यवस्था. सूर्य उगवला की अशा भिंगांवर पडदे ओढून घेतात. न घेतल्यास जो प्रकाश रात्री आतून बाहेर जातो तोच मार्ग उलट धरून ऊन आत शिरते, एका बिंदूवर गोळा होते आणि दिव्यालाच जाळू पाहते. दुपारी पडदे ओढून स्वस्थ पडून राहणे हा आळस नसून आत्मरक्षणाचा शास्त्रशुद्ध उपाय आहे, हे ज्यांना आमच्या शहराच्या बाबतीत वर्षानुवर्षे पटवून देता आले नाही, त्यांना मी यापुढे दीपगृहाकडे बोट दाखवीन. दिवा दिवसा का पाहावा, याचेही उत्तर अशा रीतीने मला अनायासे मिळाले.

आता दस्तकाचा शेवटला फेरा सांगितला पाहिजे, कारण तो कोणत्याही विनोदी लेखकाला सुचण्यापलीकडचा आहे. मुंबईस येणारी आपली जहाजे या खडकावर आपटू नयेत म्हणून १८६७ साली इंग्रजांनी मराठ्यांच्या किल्ल्यावर दिवा लावला. दिवे लावले की तेलपाण्याचा खर्च आला, खर्च आला की कर आला. आणि कान्होजींच्या दस्तकाला ज्यांनी चाचेगिरी म्हटले होते, त्यांच्याच सरकारने १९२७ साली दीपगृहांचा कायदा करून हिंदुस्थानच्या बंदरात येणाऱ्या जहाजांवर दिव्यांची पट्टी रीतसर बसविली. ती भरल्याची पावती नसेल तर बंदरातून निघण्याचा परवाना अडतो. २०२१ साली आपल्या संसदेने तो कायदा बदलून नवा केला, पट्टीचे नाव बदलले, पट्टी राहिली. मध्यंतरी, १९९८ साली, बेटालाच कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. म्हणजे आज परदेशी कप्तान मुंबईच्या वाटेवर ज्यांचे नाव नकाशात वाचतो, त्यांच्या दिव्याची रक्कम तो निमूटपणे भरतो, आणि त्यास आता कोणी चाचेगिरी म्हणत नाही. सरखेलांचे म्हणणे मान्य होण्यास दोनशे वर्षे लागली, इतकेच; सरकारदरबारी हा विलंब फारसा समजला जात नाही.

ज्यांना हे बेट पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य जावे. 'येऊ नये' ही सूचना जहाजांना आहे, माणसांना नाही. मात्र पावसाळ्यात होड्या बंद असतात, एरवीही भरती-ओहोटीची वेळ थळच्या कोळ्यांना विचारून मगच निघावे आणि ते परत फिरा म्हणाले की वाद न घालता फिरावे. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, रिकामी बाटली परत आणावी, वाजणारा दगड बेताने वाजवावा, आणि दीपगृहात पितळेस हात लावू नये, ते कोणी तरी सकाळीच घासलेले असते. पुण्याहून जाणाऱ्यांनी १७५६ चा विषय शक्यतो काढू नये. काढल्यावाचून राहवतच नसेल तर होडीच्या मधोमध बसून काढावा.