सिटी सेंटरची सागरी मोहीम

समुद्राशी ज्यांचा संबंध आता वाण्याकडच्या कोकमापुरताच उरला आहे, अशा ग्वाल्हेरच्या मराठी गृहस्थांना इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर स्वहस्ते मोटार हाकण्याची जी अनिवार वांछा सांप्रत झाली आहे, तिची खलबते सिटी सेंटरातील दिवाणखान्यांत पानिपतच्या मसलतीला शोभेल अशा गांभीर्याने चालतात. पसरलेल्या नकाशाच्या कोपऱ्यावर भाजणीचा डबा ठेवलेला असतो. काका मुक्कामांची यादी करतात, काकू त्यातून चढाची गावे खोडतात, आणि आंतरराष्ट्रीय वाहन-परवान्याचा अर्ज घेऊन आरटीओच्या दारी कोणी जायचे, या कलमावर तहनामा रोज फिसकटतो. कड्याला चिकटलेल्या त्या अरुंद रस्त्यावर हंगामातील गर्दीच्या दिवशी सम-विषम क्रमांकांचे फर्मान लागू असल्याने, भाड्याची गाडी दिवसाआड नुसती न्याहाळण्याचा योगही या खर्चात समाविष्ट आहे, हे मात्र कोणी बोलत नाही.

मौज अशी की, 1874 साली उभ्या राहिलेल्या जयविलास प्रासादाचे रचनाकार मायकेल फिलोज ज्या घराण्यातले, त्याचा मूळपुरुष अमाल्फीशेजारच्या नेपल्सहूनच, कसल्याही परवान्यावाचून, शिंद्यांच्या चाकरीत दाखल झाला. आणि वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत कोकणातून निघून ग्वाल्हेरपर्यंत आले. दोघांपैकी कोणीही मुक्कामाचे आगाऊ आरक्षण केल्याची नोंद दप्तरी नाही.

तूर्त मोहीम पुढील सालावर टाकली असून, मंडळी दिवाळीत रत्नागिरीस निघाली आहेत, तीही रेल्वेने.